सागादावाच्या आदल्या दिवशीची फवारणी

सागादावा या बौद्धांच्या पवित्र महिन्यात हिमालयातल्या स्पितीत कुणी जीव मारत नाही. त्यावर गावाने एक शहाणपण काढलं होतं: महिना लागायच्या आदल्या दिवशीच वाटाण्यावर फवारणी उरकून टाकायची, कीड असो वा नसो. पापही नको आणि काळजीही नको!

यंदा छुकित आपल्या शेताच्या बांधावर वाट अडवून उभी राहिली. समोर पाठीवर पंप घेतलेला गावप्रमुख तोबदेन. सगळं गाव त्याला आचो, थोरला भाऊ, म्हणे.

"बाजूला हो."

"माझ्या शेतात नाही, आचो. पानं उलटून बघा. मावा नावाला आहे, आणि कडेच्या मोहरीवरचे ढालकिडे त्याला खातायत. औषध मारलंत तर आधी तेच मरतील."

"आणि तुझ्या त्या पिवळ्या चिकट पाट्यांवर माश्या मरतात, ते पुण्य वाटतं?"

"पापच आहे. माझं मी भोगीन. पण उद्या मुंगी वाचवायला वाकून चालायचं नि आज सगळं शेत मारायचं, असला धर्म मला नाही जमत."

तोबदेनच्या मागे जमलेल्या बायका फिसकन हसल्या. तोबदेनला तेच झोंबलं.

"गावाचं ऐकायचं नसेल तर गावाचं पाणीही नाही," तो म्हणाला, आणि पाटावरची तिची पाळी त्याच दिवशी बंद झाली.

स्पितीत पाऊस कुठला? वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आलं तर पीक, नाही तर माती. छुकित नदीवरून डबे वाहू लागली. खांदे सोलून निघाले. खालचा तुकडा करपला तेव्हा ती तिथेच बसून ढसाढसा रडली, पण तोबदेनच्या दारात गेली नाही. गेली असती तर छुकित कसली!

महिना अर्ध्यावर आला आणि गावच्या शेतांत मावा माजला. त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. वेलींचे शेंडे चिकट होऊन मुरडले. घरोघरी पंप होते, औषध होतं, पण आता त्यांच्याकडे बघायचीही चोरी.

तोबदेन टोपली घेऊन आला.

"थोडे ढालकिडे दे. मोहरीच्या फांद्यांसकट नेतो."

"न्या की. माझ्या पाण्याचं काय?"

"महिना संपू दे. सभेत विषय काढतो."

"माझा वाटाणा सभेसाठी थांबत नाही. तुम्हीच बंद केलंत, तुम्हीच सोडा."

"असं लगेच? लोक काय म्हणतील?"

"थांबा, लोकांनाच हाक मारते!" आणि तिने खरंच तोंडाशी हात नेला.

तोबदेन टोपली तिथेच टाकून घाईने वळला. पाटाच्या तोंडावरचे दगड त्याने स्वतःच्या हातांनी उपसले. गढूळ पाणी सऱ्यांमध्ये शिरलं आणि करपलेल्या तुकड्यापाशी पोचलं. तिथे आता त्याचा काही उपयोग नव्हता. छुकित तिकडे बघत राहिली. मग तिने टोपली त्याच्या हातात दिली.

"वेचा आता. आणि जाताना बांधावरून जायचं नाही, आचो. ह्या तुकड्यातून चालत जा."