काकवीची घोडी

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. मला चारा लागत नाही की खरारा लागत नाही, कारण मी कागदाच्या लगद्याची आहे. पोटात लाकडी घडवंची, तिच्यावर कळकाच्या कांबट्या आणि वरून लगदा, असा माझा जन्म १९५२ साली कोल्हापुरात, कृष्णाक्का कन्याशाळेच्या व्हरांड्यात झाला.

ज्यांच्या नावाची ही शाळा, त्या कृष्णाक्का जुन्या काळी घोडीवर बसून खेडोपाडी जायच्या आणि आईबापांशी भांडून मुली शाळेत आणायच्या. पण त्यांच्या पुण्यतिथीला तसबिरीला हार घातला की आमची शाळा मोकळी! त्या वर्षी मात्र मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "हार पुरे झाले. यंदा प्रत्येक वर्गानं हातानं काहीतरी करायचं." कोणी मातीची शाळा केली, कोणी चित्रे काढली. सातवीतल्या शालूने मला करायला घेतले.

शालू पेठ वडगावकडच्या गुऱ्हाळवाल्या पिराजीची लेक. मामाकडे राहून शिकत होती. कीडमुंगी लागू नये म्हणून बाईंनी लगद्यात कडू मेथी वाटून घालायला सांगितली होती. शालूने त्याऐवजी घरून काकवीची कळशी आणली.

"बाई, जुन्या भिंतींच्या चुन्यात गूळ घालत्यात, म्हनून त्या हालत न्हाईत. घोडीला बी घालूया की!"

बाईंना पटले. मलाही पटले. माझ्याइतकी गोड घोडी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती!

पुण्यतिथीला पिराजी आला, पण कार्यक्रम बघायला नव्हे. "लिहावाचाया आलं, बास झालं. आजच घेऊन जातो," असे त्याने फाटकातच बाईंना सांगितले. शालूने ते ऐकले. डोळे पुसून, लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती कृष्णाक्का होऊन माझ्यावर बसली. माझा हा पहिलाच कार्यक्रम आणि तिचा बहुधा शेवटचा. मला फार वाईट वाटले.

पाहुण्यांचे भाषण सुरू झाले आणि माझ्या पोटातून मुंग्या निघाल्या. लाल मुंग्या! काकवीच्या वासाने कधीच मुक्काम ठोकला होता त्यांनी. त्या शालूच्या पोटऱ्यांवर चढल्या, डसू लागल्या. समोरच्या मुली फिदीफिदी हसू लागल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाहुणे काही आवरते घेईनात. शालूने मात्र लगाम सोडला नाही. ओठ दाबून ती ताठ बसून राहिली.

टाळ्या पडताच पिराजी धावत आला आणि पटक्याने तिचे पाय झाडू लागला. "उतरायचं न्हाय व्हय गं, खुळे?"

"कृष्णाक्का मधीच उतरली असती, तर मला शाळा कुठली मिळाली असती, आबा?"

पिराजी तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिला. मग बाईंना म्हणाला, "तुमची कृष्णाक्का आमच्या गावाला कधी आली न्हवती. आज आली म्हनायची. ऱ्हाऊ दे पोरगी हितंच."

पुढे माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. एक कान उंदरांनी खाल्ला, शेपूट झडले. कोणी विचारपूस केली नाही. १९५९ साली शालू याच शाळेत बाई होऊन आली, तेव्हा तिने आधी मला शोधून काढले आणि नवा कान बसवला. या वेळी मेथी घालून!

मित्रांनो, मला जपा, पण कोंडून जपू नका. वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, एखाद्या मुलीला माझ्यावर बसवा. कृष्णाक्का जायची राहिलेली गावे अजून पुष्कळ आहेत.