सातेरीचा उजवा कौल

उपासो गावकर आमदार झाला तरी आमच्या ग्रामदेवीच्या, सातेरीच्या पालखीला पुढचा खांदा त्याचाच असायचा. तो मान त्यांच्या घराचा, आणि मागचा खांदा माझा. निवडणुकीआधी पक्षाने सगळ्या उमेदवारांना देवापुढे शपथ घ्यायला लावली, तेव्हा त्याने मुद्दाम आमचंच देऊळ निवडलं. नारळावर हात ठेवून म्हणाला, "माये, निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही." त्या एका वाक्याच्या जोरावर मी घरोघर त्याच्यासाठी मतं मागितली.

पक्षाचं सरकार आलं आणि दीड वर्षात ते पाडायचं घाटलं. पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकदम दुसरीकडे गेले तर कायदा त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेवढे जमायला एक कमी पडत होता. तो एक म्हणजे आमचा उपासो.

एका सकाळी तो मला घेऊन देवळात आला आणि पुजाऱ्यांना म्हणाला, "भटमाम, कौल लावायचा आहे."

भटमामांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"काय विचारू?"

"पक्ष सोडू का, विचारा."

गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आतच डावी पाकळी गळली. उपासोने तोंडावरून हात फिरवला.

"परत लावा. माझं विचारायचंच चुकलं."

"मग नीट सांग. आता काय विचारू?"

उपासोने बराच विचार केला. "विचारा, गावात घरोघर नळाचं पाणी यावं का?"

भटमामांनी माझ्याकडे बघितलं. मी समईकडे बघत राहिलो. यावर कुठली आई नाही म्हणेल? उजवी पाकळी पडली आणि उपासोने साष्टांग नमस्कार घातला.

गाडीत बसताना म्हणाला, "दिला बघ कौल देवीने."

"पाण्याला दिला."

"तेच ते रे, शाबा. त्या बाजूला गेल्याशिवाय पाणी कोण देतो?"

मी गाडीचं दार ओढून घेतलं. तोंड उघडायची वेळ होती ती. संध्याकाळी सरकार पडलं. टीव्हीवर उपासो हसून सांगत होता, देवीला विचारूनच आलोय. पुढच्याच आठवड्यात मंत्रीही झाला.

आणि पाणी आलं, हेही सांगायला हवं. उन्हाळ्याच्या आत घरोघर नळ. टँकरमागे धावणं संपलं, माझ्या बायकोची कंबर दुखायची थांबली. मला त्या पाण्याची लाज वाटते आणि रोज तहानही लागते.

जत्रेला मंत्री आला. पोलिसांना बाहेर थांबवून, शर्ट उतरवून, धोतर खोचून तो सरळ पालखीपाशी आला आणि पुढच्या दांड्यावर हात ठेवला. डोळे जागरणाने तांबारलेले. कुणी तरी शिव्या घालेल या तयारीने आला होता. चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण आमच्या बरोबरीच्या पुंडलिकने लाल प्लास्टिकची खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली.

"साहेब, तुम्ही कशाला? बसा तुम्ही. शहाळं फोडायला सांगतो."

"साहेब काय रे, पुंडलिक? गेल्या जत्रेत उपाश्या म्हणून हाक मारत होतास."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, साहेब."

उपासोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पाणी चांगलं येतं हां."

मग तो भटमामांकडे वळला. "कौल लावा. मी खांदा देऊ का, विचारा."

"हेच विचारू ना? की मागाहून बदलणार आहेस?"

कुणी तरी फिसकन हसलं. उपासोचे कान लाल झाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "नको. मी शपथ मोडली का, ते विचारा."

ढोलवाल्यांचे हात थांबले. भटमामांनी हातातल्या पाकळ्या परत ताम्हनात ठेवल्या.

"उपास, आपल्याला जे ठाऊक नसतं ते देवीला विचारायचं. हे तर तुला ठाऊकच आहे. तिला कशाला त्रास देतोस?"

आवाजात राग नव्हता. लहानपणी आम्ही नैवेद्याच्या ताटाला हात लावला की ज्या आवाजात ते बोलायचे, तोच तो आवाज. उपासोचा हात दांड्यावरून सुटला. तो जाऊन खुर्चीत बसला. कुणी तरी त्याच्या हातात शहाळं दिलं, ते त्याने नुसतं धरून ठेवलं.

पुढचा खांदा पुंडलिकने दिला. तो बुटका. पालखी सरळ राहावी म्हणून मी मागे सबंध वाट गुडघ्यांत वाकून चाललो.