दूध तर येणारच

केनियातल्या करातिना गावात, बसथांब्यामागे माझं बाळांच्या सामानाचं दुकान आहे. लंगोट, टोपरी, दुपटी, अंघोळीचे टब, दूध काढायचे पंप, सगळं ठेवते. दुधाच्या बाटल्या तेवढ्या मागच्या फळीवर, पडद्याआड. कारण दवाखान्यातल्या नर्सबाई बाजाराला आल्या की दुकानात डोकावतात आणि बाटली दिसली की मी जणू दारू विकतेय अशा नजरेने बघतात. मला स्वतःला मूल नाही. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नाही. शवपेट्या विकणारा माणूस तरी कुठे मेलेला असतो?

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव न्याकियो, ती इथल्याच शाळेत गणित शिकवते. तिचे दिवस भरत आले होते. रोज शाळा सुटली की ती दुकानात यायची, स्टुलावर बसायची, थर्मासमधला माझा चहा संपवायची आणि काहीही न घेता घरी जायची.

"निदान एक दुपटं तरी ने," मी म्हणायचे.

"बघू."

"बघू काय? पोर काय वर्तमानपत्रात गुंडाळणार आहेस?"

"कोंबडी देतात की गुंडाळून. काही होत नाही तिला."

मी पुढे बोलायचे नाही. मागच्या खेपेला तिने सगळं घेतलं होतं, अगदी पाळण्यावर टांगायच्या लाकडी पक्ष्यांसकट. मुलगी पोटातच गेली, अगदी शेवटी शेवटी. नाळेचा फास बसला होता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की कुणाचंच काही चुकलं नाही. तेच सगळ्यात वाईट झालं, कारण भांडायला कुणी सापडेना. न्याकियोचा नवरा किबुची सगळं सामान पोत्यात भरून माझ्याकडे घेऊन आला. मी ते परत फळीवर लावलं आणि यथावकाश ते विकलं गेलं. अजूनही बाजारात एखादं पोर त्यातलं पिवळं टोपरं घालून आईच्या पाठीवर दिसतं. न्याकियो अशा वेळी टोमॅटो निवडायला लागते.

तर या खेपेला ती काही घेईना, आणि घरातली बाकीची माणसं तिच्या नकळत माझ्याकडे यायला लागली.

पहिली आली तिची सासू वाशुका. तिला आम्ही सगळेच मैतू म्हणतो, म्हणजे आई. मैतू बाजाराच्या दिवशी पाठीवर पोतं घेऊन दुकानात शिरली आणि ते माझ्या गल्ल्याजवळ धाडकन टाकलं.

"काय आहे हे, मैतू?"

"काळे वाल. तुझ्या बहिणीसाठी. घरी नेले तर ती ते परत पाठवेल. तुझ्याकडे राहू देत."

"एवढे?"

"मी सहा पोरांना पाजलं, ते काय तुझ्या त्या यंत्रांवर?" तिने पंपाच्या खोक्याकडे हनुवटी उडवली. "वाल शिजवायचे, केळं घालून घोटायचे, वरून बोकडाच्या हाडांचं सूप. दुसरं काही लागत नाही. बोकडही बघून ठेवलाय."

"तो कुठे ठेवणार? इथेच?"

मैतूने दुकानावर नजर फिरवली. ती खरंच विचार करत होती. मग म्हणाली, "नको. लंगोट खाईल."

दुसऱ्याच दिवशी किबुची आला. किबुची विहिरीवरचे आणि बोअरचे पंप दुरुस्त करतो. अंगाला कायम ग्रीसचा वास, बोलणं कमी. तो खोक्यांसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मुगुरे, यातला चांगला कोणता?"

मी त्याला दोन दाखवले. एक हाताने दाबायचा, एक विजेवरचा. त्याने विजेवरचा उघडला, रबरी झडप काढून उजेडात धरली, नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून कानाला लावलं.

"ओढ ठीक आहे," तो म्हणाला. "पण झडप नाजूक आहे. गाळ आला तर बसेल."

"किबुची, गाळ नसतो त्यात."

"हं," तो म्हणाला. त्याला ते पटलं नसावं. "देऊन ठेव. न्याकियोला सांगू नकोस."

"ठेवणार कुठे?"

"माझ्या शेडमध्ये. तिथे इतके पंप आहेत, एक जास्त दिसणार नाही."

पण दिसला. शेडमधले सगळे पंप लोखंडी आणि काळेकुट्ट, आणि हा गुलाबी. न्याकियो नवऱ्याला जेवायला हाक मारायला गेली होती. ती तशीच तो हातात घेऊन, चपला न बदलता, चढ चढून माझ्या दुकानात आली. दुकानात तेव्हा एक बाई जुळ्यांसाठी मोजे बघत होती. न्याकियोचा चेहरा पाहून ती म्हणाली, "मी नंतर येते हं," आणि मोजे हातात घेऊनच बाहेर पडली. तिला परत बोलवायचं मला सुचलं नाही.

न्याकियोने पंप गल्ल्यावर ठेवला.

"हा तू दिलास?"

"त्याने घेतला."

"आणि त्या पोत्यात काय आहे?"

"वाल. मैतूचे."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांची तयारी झाली."

"अगं, आम्हाला कळतं तू का घेत नाहीस ते. मागच्या वेळी घेतलं आणि तसं झालं, म्हणून तुला वाटतं..."

"सामान घेतलं म्हणून बाळ मरत नाही, मुगुरे. मी गणित शिकवते." ती स्टुलावर बसली. चपलांना चिखल होता. "तुम्हाला वाटतं मी बाळाला घाबरलेय. मी दुधाला घाबरलेय."

मला काही कळलं नाही. "दुधाला?" मी विचारलं.

"तिला पुरून आलो, आणि त्यानंतर दूध आलं," ती म्हणाली. "ते येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, शरीराला कळलं असेल. त्याला कळलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली. मी कापडाने आवळून बांधायची, वरून स्वेटर. कोबीची पानं ठेवली की उतरतं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तीही ठेवायची. किबुची म्हणायचा, हल्ली रोज कोबीच का करतेस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? दूध आलंय, गिऱ्हाईक बघ?"

मी थर्मासमधला चहा ओतला. तिने तो हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"शाळेत परत गेले," ती पुढे म्हणाली, "तर पहिल्याच दिवशी बालवर्गातलं एक पोर खिडकीबाहेर रडायला लागलं आणि माझा ब्लाऊज भिजला. मी फळ्याकडे तोंड केलं. तास संपेपर्यंत फळ्यावर बेरजा लिहीत राहिले, वळलेच नाही. पोरांनी सगळ्या उतरवून घेतल्या. गुणी पोरं आहेत."

मी दुकानाचं दार लोटून घेतलं. भर बाजाराच्या दिवशी मी दार लोटलं, त्यावरून माझी काय अवस्था झाली होती ते समजावं.

न्याकियोने डोळे पुसले, चहा एका घोटात संपवला आणि वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली, "आता ऐक. मुलगा असो, मुलगी असो, जगो, न जगो, दूध तर येणारच. तेवढं मला पक्कं माहीत आहे. त्या दुधाला जे लागेल ते मी घेणार. बाळाला लागेल ते बाळ आल्यावर. एकेक वस्तू काढ."

मी फळीवरून वस्तू काढायला लागले.

"ब्लाऊजच्या आत ठेवायच्या कापडी चकत्या. दूध टिपून घेतात."

"घे. भरपूर घे."

"पुढून उघडायची चोळी."

"पुढून कशाला उघडायची?" ती म्हणाली, आणि मग, "बरं, सैल आहे ना? घे."

"चिरांवर लावायचं मलम."

"चिरा कशाने पडतात?"

"बाळ ओढतं त्याने."

"मग नको."

"दूध साठवायच्या पिशव्या?"

"कुणासाठी साठवू? नको."

"पंप?"

ती त्या गुलाबी पंपाकडे बघत राहिली. "हा ओढला की जास्त येतं ना?"

"हो. जेवढं काढावं तेवढं येतं."

"प्यायला कुणी नसताना? नको. किबुचीला दे परत, त्याला खोलून बघू दे."

मग मी पाजताना मांडीवर घ्यायची अर्धगोल उशी काढली. तिने आधीच मान हलवली, पण मी म्हटलं, "हिच्यावर नुसतं डोकंही टेकता येतं." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिचं पोट असं हललं की आतून कुणीतरी लाथ मारली. दोघींनाही ती दिसली. उशी तिने घेतली.

बाळ आलं ते दिवसाउजेडी, शाळेच्या मधल्या सुट्टीत सुरुवात करून. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात आणलं, आणि मी पोहोचेपर्यंत मुलगी झालेली होती. जिवंत. लहानशी, लालभडक, आणि इतकी संतापलेली की किबुची दारातच थबकला. रडण्याचा आवाज ऐकून तो मला म्हणाला, "प्रेशर चांगलं आहे." मग व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नर्सबाई बाळाला घेऊन खाटेपाशी आली. "पहिलंच का?" तिने सहज विचारलं.

मी काहीतरी बोलणार होते. न्याकियो म्हणाली, "दुसरी. मोठी गेली."

नर्सबाईने बाळ तिच्या हातात दिलं. "मग कसं धरायचं ते ठाऊक असेल."

"नाही. तिला पाजायला मिळालं नव्हतं. दाखवा."

नर्सबाईने दाखवलं. पोट पोटाला, डोकं हाताच्या कोपरात, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं. मुलीने तोंड उघडलं, लावलं, सोडलं, आणि पुन्हा आरडाओरडा सुरू केला. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. चिकाचे पिवळे थेंब आले, बस्स. नर्सबाई म्हणाली, आत्ता एवढंच लागतं, तिचं पोट केवढंसं, लावत राहा.

घरी आल्यावरही तेच. दूध येईना. चकत्यांचा गठ्ठा कपाटात कोरडाच्या कोरडा. न्याकियो पलंगावर बसून मुलीला लावायची, मुलगी ओढायची, दमायची, रडायची. पाहायला येणाऱ्या नर्सबाईने वजन केलं, लंगोट बघितला आणि म्हणाली, ठीक आहे, उशीर होतो काहींना, घाबरू नका. घरात कुणीच तिचं ऐकलं नाही.

मैतूने वालाचं पोतं माझ्या दुकानातून उचललं आणि चुलीवर पातेलं चढवलं ते उतरवेचना. बोकडाचं जे व्हायचं ते झालं. न्याकियोच्या हातात एक वाटी रिकामी झाली की दुसरी यायची. किबुची दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणायचा, "तो पंप लावून बघू का एकदा? नुसता हवा ओढायला. कधीकधी हवा अडकलेली असते."

"तुझी बायको म्हणजे बोअर नाही," मैतू म्हणाली. "बाजूला हो."

"आई, मी फक्त म्हणतोय..."

"तू जन्मलास तेव्हाही असाच मध्ये मध्ये यायचास."

मी दुकानात जाऊन मागच्या फळीवरचा पावडरीच्या दुधाचा डबा आणि बाटली घेऊन आले. पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती. न्याकियोने पिशवीचा आकार बघितला.

"मागच्या वेळी प्यायला कुणी नव्हतं, तर धावत आलं," ती म्हणाली. आवाज रडवेला नव्हता, रागाचा होता. "आता ही बसलीय तोंड उघडून, तर कुठे गेलं?"

मैतू वाटी घेऊन आली आणि यावेळी ती तिने न्याकियोला दिली नाही, खाली ठेवली. पलंगाच्या कडेवर बसली.

"मला माहीत होतं," मैतू म्हणाली. "मागच्या वेळचं."

"काय माहीत होतं?"

"तुझी कापडं मीच धुवायची. मला दुधाचा वास येत नाही का? सहा पोरं पाजलीत." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मला वाटलं, तू बोलशील तर बोलेन. तू बोलली नाहीस. मग मी कोबी आणून ठेवायची. तुला वाटायचं, मळ्यात फार झालाय."

न्याकियो तिच्याकडे बघतच राहिली. मग ती रडायला लागली, आणि मुलगी तर आधीपासूनच रडत होती. मैतूने एक हात सुनेच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने नातीचं डोकं जरा वर सरकवलं. मैतू गप्प बसलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

दूध तेव्हाच आलं असं मी म्हणणार नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, आम्ही तिघं बोकडाच्या उरलेल्या हाडांवरून वाद घालत असताना. न्याकियोने "गप्प बसा" म्हटलं. आम्ही गप्प बसलो, आणि खोलीत एक आवाज ऐकू यायला लागला. गुटुक. गुटुक. मुलीच्या ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा ओघळ गळ्यापर्यंत आला होता. तिची मूठ सुटून हात न्याकियोच्या छातीवर पसरला होता.

"बघत काय बसलात?" न्याकियो म्हणाली. "बाहेर जा सगळे."

आम्ही अंगणात जाऊन बाकावर बसलो. मैतूने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. किबुची खिशातला पाना काढून बघत होता, त्याच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. मी म्हटलं, दुकान उघडायला हवं. म्हटलं खरं, पण उठले नाही.

मग आतून न्याकियोचा आवाज आला, "कुणीतरी पाणी द्या! घसा कोरडा पडलाय!"

तिघेही एकदम उठलो आणि दारात एकमेकांवर आदळलो. मैतू पहिली आत गेली. न्याकियोने पूर्ण तांब्या तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला, मुलीला न हलवता तो पुढे धरला आणि म्हणाली, "अजून."