मायनस तीनची हाडं

शारजात मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये यूनुसची अर्धी हयात गेली होती. तापमानाच्या काट्यावरचा आकडा मायनसमध्ये असला की माल चोख, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे बायकोच्या, मरियमबीच्या, हाडांच्या स्कॅनवर ‘मायनस तीन’ दिसताच तो खूश झाला.

“हाडं एकदम चोख! कंबरदुखीचं नाटक खलास!” असं शेजाऱ्यांदेखत सांगून, लिफ्ट बंद असताना त्याने तांदळाची गोणी तिच्याकडूनच वर आणवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मायनस तीन म्हणजे हाडं फार ठिसूळ झालीत. जड काही उचललं नाहीत ना?”

यूनुसची मान खाली गेली.

“छे हो,” मरियमबी म्हणाली, “हे मला काही उचलूच देत नाहीत.”

परतताना तिची एवढीशी पर्स यूनुसने दोन्ही हातांनी धरली होती.