विकासचा फोन वाजला नाही

पदूला नाग चावला, पण मारलं तुम्ही. तुमच्या त्या फुकटच्या डब्यानं. आता तुम्ही म्हणाल, डबा कधी माणूस मारतो काय? मग ऐका.

पळसदरीच्या धरणाच्या वर डोंगरात ही ठाकरांची वाडी. गाडीरस्ता खाली धरणापाशीच संपतो. वाडीचा एकच टचफोन, ठकूबाईच्या घरातल्या मेढीच्या खांबाला पिशवीत टांगलेला. त्याच्या रिचार्जसाठी पाळीपाळीनं एकेक घर लाकडाची मोळी कर्जतला नेऊन विकायचं. कुणी आजारी पडलं की रेंजसाठी मोठ्या धोंड्यावर चढायचं आणि खाली बुद्धवाडीतल्या विकासला फोन लावायचा. विकासकडं टेंपो होता आणि बटणांचा जुना फोन. माणसं झोळी घेऊन उतरेपर्यंत त्याचा टेंपो धरणाशी हजर असायचा.

मग तुमच्या कंपनीचा माणूस आला. शाळेच्या भिंतीला वायफायचा पांढरा डबा ठोकला. म्हणाला, आता रिचार्ज कशाला मारता, नेटवरनं सगळं बोलणं फुकट. मंगळी आणि पदूचा पोरगा जगदीश माथेरानला हॉटेलात कामाला. वाडीच्या फोनवरनं त्यालाच कॉल लावून दाखवला. पडद्यावर पोराचं तोंड आलं तशी मंगळीनं काचेवरनं हात फिरवला. बायका हसल्या.

वाडी भुलली. एकट्या ठकूबाईनं नाक मुरडलं, "फुकटचं पचत नाय रं." पदूच तिला म्हणाला, "म्हातारे, तुला मोळीबिगर डोकं हलकं लागतं काय?" सगळे खिदळले. मोळी बंद झाली. रिचार्ज संपला. डब्यावरनं विकासला एकदा लावून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. पावसाळाभर कुणाला तशी वेळच आली नाही. आणि फुकटचा फोन फक्त नेटवाल्यालाच लागतो, बटणवाल्याला नाही, हे तुमच्या माणसानं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पदू आणि मंगळी गवत कापत होती. पदूनं विळा टाकला. "मंगळे, पान लागलं गं." वाडीत नागाचं नाव घेत नाहीत.

तिनं पदर फाडून पाय बांधला, बाकीच्यांना हाक दिली आणि फोनकडं पळाली. धोंड्यावर चढून विकासला लावला. एक बाई गोड आवाजात सांगू लागली की सेवा बंद आहे. दवाखान्याच्या गाडीला लावला, तीच बाई. मग मंगळी शाळेपाशी धावली आणि डब्यावरनं विकासला शोधू लागली. जगदीश होता, भाचा होता, तुमचा माणूससुद्धा होता. विकास नव्हता.

जगदीशला लावला. त्याचं तोंड आलं, हसतं. तिनं सगळं सांगितलं. बापाला पान लागलंय, विकासला कळीव, धरणाशी टेंपो आणायला सांग. पोरगं हसतच राहिलं. आधी तिला राग आला. मग दिसलं, त्याची पापणी हलत नव्हती. नेट अडकलं होतं. ती एका चित्राशी बोलत होती.

पोरांनी झोळी उचलली. मंगळी पदूचं डोकं धरून धावत होती. अर्ध्या उतारावर तो म्हणाला, डोळं उघडत नाय गं. धरण दिसायला लागलं तेव्हा त्याचा हात झोळीबाहेर लोंबत होता, आणि तो आत घ्यावा हेही त्याला कळत नव्हतं.

विकास स्टेशनापाशी रिकाम्या टेंपोत बसून होता. कुणीतरी पळत जाऊन सांगितलं तेव्हा आला. झोळीत डोकावला आणि खिशातला फोन काढून बघत राहिला. फोन चालू होता.

दहावं झालं आणि तुमचा माणूस पुन्हा आला. डब्याखाली वाडीचा फोटो काढायचा होता. मंगळीला म्हणाला, मावशी, फोन हातात धरा, जरा हसा. आता पोरगा रोज दिसतो ना?

वाडीत साहेबालाही तूच म्हणतात. मंगळीनं फोन त्याच्या हातात दिला.

"विकास खाली धरणाशी उभा हाय. तुज्या डब्यावरनं त्याला लाव."

तो म्हणाला, त्याचा फोन साधा असेल, त्याला नाही लागत.

"हे तुला तवा ठावं व्हतं?"

तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळू लागला. मंगळी वाटेत आडवी उभी राहिली.

"ठावं व्हतं का नव्हतं? बोल."