मालनच्या हळदीची परीक्षा

मालन परबच्या हळदीवर संशय घेईल असा माणूस लालबागेत अजून जन्माला यायचा होता. तो जन्मला, आणि तोही तिच्याच माहेरी. तिच्या भावाची मुलगी सुचित्रा परळच्या एका कॉलेजात संशोधन करायची. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही व्यापारी तिच्यात शिशाचा रंग मिसळतात, तो पकडायची युक्ती तिनं बसवली होती. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक सोन्याचे कण पाण्यात असले की पाणी लाल दिसतं. शिसं भेटलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळं होतं.

पेपरात भेसळीची बातमी आली आणि चाळीतल्या बायका बिचकल्या. तीस वर्षं साऱ्या चाळीची वर्षाची हळद मालन स्वतः निवडून, मसाला कुटायच्या गिरणीत, डंखावर उभी राहून कुटून आणायची. महिला मंडळाच्या सुमतीबाई म्हणाल्या, "हळद सुचित्राच्या परीक्षेत पास झाली, तर यंदाही मालनताईच. नाहीतर बघू दुसरं कोणी."

दुसरं कोणी! मालनचं डोकंच फिरलं. सुमतीबाईंनाच साक्षीला घेऊन ती प्रयोगशाळेत गेली, सोबत स्वयंपाकघरातला हळदीचा डबा.

सुचित्रानं त्या हळदीतला पिवळेपणा गाळून टाकला आणि उरलेलं निवळ पाणी सोन्याच्या कणांच्या लाल नळीत सोडलं. बघता बघता नळी निळी झाली.

"आते..." सुचित्रानं नळी हलवून पुन्हा पाहिली. सुमतीबाईंनी डब्याचं झाकण लावून तो बाजूला सारला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तरी परवडलं असतं. मालनच्या मनात आलं, तीस वर्षं लोकांच्या पोरांना आपण विष चारलं की काय?

पण मालन रडत बसणाऱ्यांतली नव्हती. सांगलीहून आलेली हळकुंडं तिनं स्वतः दातांखाली फोडून पाहिली होती. मग डब्यात हळदीशिवाय आणखी काय होतं?

"गो बाय, तुझ्या सोन्याक मीठ चालता काय?"

"मीठ? हळदीत?"

"किडे पडतत म्हणून घालतंय मी. आमच्यात सगळीच घालतत."

सुचित्रानं कपाळावर हात मारला. मिठानंही सोन्याचे कण चिकटतात, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. दुकानांतल्या हळदीत मीठ नसतं, म्हणून त्या तपासताना कधी अडचण आली नव्हती. आणि जन्मभर खाल्लेल्या हळदीत आते काय घालते, ते विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं ताज्या नळीत नुसतं मिठाचं पाणी टाकलं. निळी!

मालन तडक घरी जाऊन सांगलीच्या त्याच पोत्यातली अख्खी हळकुंडं घेऊन आली. तिथल्याच खलात तिनं ती स्वतःच्या हातांनी कुटली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुन्हा गाळणं, पुन्हा निवळ पाणी. शेजारच्या नळीत सुचित्रानं मुद्दाम शिशाचा थेंब टाकला. ती लगेच निळी पडली. मालनची मात्र लालच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी लाल.

मालनला एवढा आनंद झाला की तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तिथंच मोठ्यानं हसली. सुचित्रानं तिला घट्ट मिठी मारली.

सुमतीबाईंनी नळी उजेडात धरून पाहिली, मग नजर खाली घातली. "मालनताई, चुकलं माझं. आमच्या घरची चार किलो धरा यंदा."

"धरतंय," मालन मान ताठ करून म्हणाली. "पण मीठ घालूनच देतलंय."