आजारी ड्रायव्हरचा विमा

मंगळवारी सकाळी माझा नवरा किटलीत पाणी भरता भरता धाडकन खाली कोसळला, आणि शुक्रवारी तोच माणूस टेबलावर तीन विमा कंपन्यांची माहितीपत्रकं पसरून मला विचारत होता, "थेल्मा, फ्रान्समध्ये गाडी बंद पडली तर कॅरॅव्हॅनसकट घरी आणून सोडणारे बरे, की तिथेच दुरुस्त करून देणारे?"

मी भांडी घासत होते. हातातली कढई त्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कोसळला म्हणजे कसा ते मीच सांगते, कारण त्याला विचाराल तर 'पाय घसरला' म्हणेल. पायबिय काही घसरला नव्हता. नळ चालू, किटली हातात, आणि हा पोतं पडावं तसा पडला. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत तो नव्हताच. मी गालावर थापट्या मारल्या, हाका मारल्या, शेजारच्या जोनला बोलवायला दाराकडे धावले, तेवढ्यात हा शुद्धीवर आला. आणि पहिलं वाक्य काय? "नळ बंद कर, पाणी वाया जातंय." असली माणसं फक्त यॉर्कशायरमध्ये निपजतात.

डॉक्टरकडे चल म्हटलं, तर नाही. का नाही, तेही त्याने तोंडावर सांगितलं. डॉक्टरला कळलं की गाडी चालवायला बंदी आणि लायसन जमा. आणि जूनमध्ये आम्हाला कॅरॅव्हॅन घेऊन फ्रान्सात दोर्दोन्य नदीकाठी जायचं होतं, दर वर्षी जातो तसं. "आल्यावर दाखवू," मॅल्कम म्हणाला. "आणि डेरिकसमोर एक शब्द काढायचा नाहीस."

म्हणजे हल शहराच्या बंदरापर्यंत, मग बोटीतून उतरून हॉलंड, बेल्जियम आणि वर निम्माअधिक फ्रान्स, हा माणूस मागे दीड टनाचं घर जोडून गाडी हाकणार. शेजारी मी. समोरून येणारी माणसं, त्यांची पोरंबाळं, ती वेगळीच. मी आले नाही तर एकटा जाईन, असंही बजावून झालं होतं. आणि गेला असता हो! मी ओळखते ना त्याला. त्याला त्या स्टेअरिंगपासून लांब कसं ठेवायचं, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आणि साहेब विमा निवडत होते!

"हे बघ," तो चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. "हे लोक कॅरॅव्हॅन आणतात, पण गाडीला जोडलेली असतानाच बंद पडली तर. मुक्कामाच्या तळावर नुसती उभी असताना काही झालं तर हात वर. आणि या दुसऱ्यांना दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही."

"आणि सत्तर वर्षांपेक्षा जुना ड्रायव्हर?" मी विचारलं.

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"लिहायला हवं होतं."

"थेल्मा, सुरू करू नकोस."

"मी कुठे सुरू केलंय? सुरू तू केलंस, मंगळवारी, फरशीवर."

तो उठला. मापाची टेप घेऊन बाहेर गेला आणि अंगणात उभी कॅरॅव्हॅन तिसऱ्यांदा मोजू लागला. गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट किती, दांड्याशिवाय किती. खिडकीतून मी बघत होते. वाकला की मला धडकी भरायची, आता पडतो का मग पडतो. उठला की परत चीड यायची. प्रेम आणि चीड एकाच पातेल्यात शिजत होती माझी, काय सांगू.

त्यात डेरिक टपकला. डेरिक म्हणजे मॅल्कमचा गिरणीतला जुना दोस्त. तो आणि त्याची बायको पॉलीन त्यांची कॅरॅव्हॅन घेऊन आमच्या मागोमाग येतात, आणि तिथे पोचल्यावर शेजारचीच जागा घेतात. दार वाजवायची पद्धत त्याच्याकडे नाही. आला, खुर्ची ओढली, बिस्किटांचा डबा पुढ्यात घेतला.

"दांड्यासकट लिही बाबा," तो मॅल्कमला म्हणाला. "मी मागे दांड्याशिवाय लिहिलं होतं. त्यांचा ट्रक आला, माणसाने टेप लावली आणि म्हणाला, एवढी लांब आमच्या कागदावर नाही. गाडी घेऊन गेला, कॅरॅव्हॅन तिथेच! रस्त्याकडेला बसून आम्ही डब्यातले बीन्स खाल्ले, थंडगार. पॉलीन अजून मला ऐकवते."

"बरं करते," मी म्हटलं.

"ही आज तिखट का झालीय?" डेरिकने मॅल्कमला विचारलं. मला नाही, मॅल्कमला. जशी काही मी भिंतीवरचं घड्याळ.

"तिला गाडी चालवायचीय," मॅल्कम म्हणाला. सकाळीच मी त्याला सुचवलं होतं, की या वर्षी मी चालवते. माझं लायसन जुनं आहे, त्यावर कॅरॅव्हॅन ओढायला चालते. तेव्हा त्याने नुसतं पेपरचं पान उलटलं होतं.

डेरिक हसून हसून लाल झाला. "थेल्मा कॅरॅव्हॅन ओढणार? मग आधी त्या फ्रेंच लोकांना विमा उतरवायला सांगा! आणि तिथे पोचल्यावर कॅरॅव्हॅन जागेत मागे कोण घेणार? अख्खी रांग चहाचे मग घेऊन बघत उभी असते, माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! आमच्या लोकांत ही जत्राच असते. तळावर नवी कॅरॅव्हॅन शिरली की सगळे आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसतात. नवरा मागे घेतो, बायको मागे उभी राहून हात हलवते, आणि चुकलं की ती हात चुकीचा हलवते म्हणून. इतकी वर्षं मी वाहतूक पोलिसासारखी हात हलवत आले. बायकोने चालवली आणि नवरा शेजारी बसून आला, तर त्या माणसाला पुढचे पंधरा दिवस तो दुखण्यातून उठल्यासारखं सगळे विचारतात, 'बरा आहेस ना?'

आणि हा तर खरंच बरा नव्हता. माझं डोकं फिरलं.

"डेरिक," मी म्हटलं, "तुझा मित्र मंगळवारी इथे, या फरशीवर बेशुद्ध पडला होता. महामार्गावर तू त्याच्या मागे असणार आहेस. पॉलीन तुझ्या शेजारी असणार आहे. आता हस."

मॅल्कमने हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "सांगितलं होतं ना तुला!"

पण डेरिकने दुसरं बिस्कीट उचललं आणि चहात बुडवलं. तो दचकला नाही. त्याचा चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"अगं, बोलला मला फोनवर. या वयात सगळ्यांनाच गरगरतं. मला नाही का गरगरत? मीच म्हटलं त्याला, डॉक्टरकडे जाऊ नकोस, ते लोक आधी लायसन काढून घेतात आणि मग तपासतात. जूननंतर जा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला तोंड शिवायला सांगून हा स्वतः डेरिकला सांगून बसला होता, आणि त्या शहाण्याने सल्लाही दिला होता!

"पॉलीनला सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला कशाला उगाच घाबरवायचं?"

"ऊठ," मी म्हटलं. "माझ्या घरातून चालता हो. आणि ते बिस्कीट ठेव खाली."

"थेल्मा!" मॅल्कम ओरडला.

"तू गप. याला आधी बाहेर काढते, मग तुझ्याकडे बघते."

डेरिक गेला. दारातून 'बायका म्हणजे' असं काहीतरी पुटपुटला. मी दार त्याच्या पाठीवर लावलं आणि पॉलीनला फोन करून सगळं सांगून टाकलं. पॉलीन म्हणाली, "घरी येऊ दे त्याला." एवढंच.

परत आले तर मॅल्कम तिसरं माहितीपत्रक माझ्यासमोर नाचवायला लागला. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू कोर्टात खटला जिंकलाय.

"तू भांडत बसतेस, पण मी विचार केलाय तुझा. हा घेऊ. सगळ्यात महाग आहे, तरी घेऊ. यात आजारी ड्रायव्हरची सोय आहे. प्रवासात चालवणारा आजारी पडला आणि दुसरं कुणी चालवणारं नसलं, तर हे लोक इंग्लंडातून ड्रायव्हर पाठवतात. गाडी, कॅरॅव्हॅन, आपण दोघं, सगळे घरपोच. झालं तुझं समाधान?"

माझ्या नवऱ्याने पन्नास वर्षांत स्वतःहून महागातली वस्तू निवडली नव्हती. म्हणजे तोही घाबरला होता. हे मला कळलं आणि मला त्याची दया आली, पण दयेने काय होणार होतं?

"मॅल्कम, ते ड्रायव्हर कधी पाठवतात?"

"म्हणजे?"

"तू पडल्यावर ना? आणि पडताना? तू ताशी शंभरने जाताना पडलास, तर तेव्हा स्टेअरिंग कोण धरणार? ती फोनवरची बाई?"

"रोज थोडाच पडतो मी!"

"मग कधी पडतोस? वेळ ठरवून दिलीय का तुला?"

"तुला माझी कॅरॅव्हॅन चालवायचीय, बाकी काही नाही. इतकी वर्षं वाट बघत होतीस."

"खड्ड्यात घाल तुझी कॅरॅव्हॅन! मला तू जिवंत पाहिजेस, गाढवा!"

तो खिडकीकडे तोंड करून बसला. कान लाल झाले होते.

"सगळ्यांसमोर शेजारच्या सीटवर बसून येऊ मी?" तो हळूच म्हणाला. "सामानासारखा?"

"मी इतकी वर्षं तशीच आले," मी म्हटलं. "मला कुणी सामान म्हटलं नाही."

"तुझी गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

मग नेहमीसारखं त्याने मला काम सांगितलं. "फोन लाव त्यांना. आजच घेऊन टाकू."

आमच्या घरात गाडी त्याची आणि फोन माझे. बँक, गॅसवाले, दंतवैद्य, सगळ्यांशी मीच बोलायचं, आणि याने शेजारी बसून खुणा करायच्या. फोनवर बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक मुलगी आली. स्कॉटलंडकडची असावी, गोड बोलायची. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, मॅल्कमला ऐकू यावं म्हणून. कॅरॅव्हॅन क्लबचा मॅल्कमचा सभासद क्रमांक, गाडीचं वय, कॅरॅव्हॅनचं वजन, लांबी दांड्यासकट. मॅल्कम खूश होता. माप विचारलं की त्याचा जीव सुखावतो.

"आजारी ड्रायव्हरची सोय हवीय ना, मॅडम? मग कॅरॅव्हॅन ओढणारे किती जण आहेत? दोघं असतील तर एक आजारी पडल्यावर दुसऱ्याने आणायची, आम्ही माणूस पाठवत नाही."

मॅल्कमने माझ्या नाकासमोर एक बोट धरलं.

"एकच," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

"नाव सांगा."

"थेल्मा ऑल्डरॉइड."

कप बशीत आदळला. "नाही, नाही! ए बाई, मॅल्कम लिही, मॅल्कम!"

मी फोन उचलून छातीशी घेतला, पण आवाज बंद केला नाही. मुद्दामच. "थेल्मा," मी पुन्हा म्हटलं, आणि जन्मतारीखही सांगून टाकली.

मुलगी गडबडली. "मॅडम, सभासदत्व मॅल्कम ऑल्डरॉइड यांच्या नावावर आहे. ते स्वतः चालवणार नसतील, तर तसं त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल मला. संभाषण नोंदलं जातंय."

"आहे तो इथेच," मी म्हटलं आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बोल. तू सांगतोस, की मंगळवारचं मी सांगू तिला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की लग्नाच्या दिवसापासून आजपर्यंत तसं कधी बघितलं नव्हतं. द्वेष होता त्यात, स्वच्छ द्वेष. मला वाटलं होतं मी नजर वळवीन. नाही वळवली. फोन धरलेला हात दुखायला लागला, तरी खाली घेतला नाही.

"नाही," तो म्हणाला.

"माफ करा सर, नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने सांगता का?"

त्या पोरीला काय माहीत ती काय मागतेय! मॅल्कमने दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले, मोठे, गिरणीतले हात, आणि त्यांच्याकडे बघत बोलला.

"मी चालवणार नाही."

"धन्यवाद सर. अजून काही मदत करू शकते का?"

"नको," मॅल्कम म्हणाला. "झाली तेवढी पुरे."

मी पैसे भरले, मुलगी पावती घरी पाठवते म्हणाली, मी फोन ठेवला. तो उठला. डेरिकला फोन करेल वाटलं, नाहीतर बाहेर जाऊन कॅरॅव्हॅनचं दार आपटेल. त्याने कोटाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर माझ्या कपाशेजारी ठेवली आणि वर जाऊन झोपला. हातात दिली नाही. मीही हात पुढे केला नाही.